भिंतीचा घाम

पाववाल्यांच्या झोपायच्या खोलीत बुरशी पहिल्यांदा दिसली ती कपाटामागे, आणि दिसल्या क्षणी तिचा गुन्हेगारही ठरून गेला. पाववाल्यांनी मान वर केली, छताकडे एक जळजळीत नजर टाकली आणि म्हणाले, "वकिलाची मोरी गळतेय."

ना पुरावा, ना साक्षीदार. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी जन्मभर दुसऱ्यांची वकिली केली, पण स्वतःच्या बाबतीत खटला उभा राहायच्या आधीच निकाल लागून मोकळा झाला. शिक्षाही लगेच अमलात आली. त्या दिवसापासून वकिलांचा पाव बंद.

पाव बंद म्हणजे काय, हे सांगायला हवं. पाववाले मूळचे बेकरीवाले. हयात भट्टीसमोर गेली. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा बेकरी विकावी लागली, आणि आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात. बेकरी गेली, पण पाव काही सुटला नाही. रोज सकाळी घरच्या ओव्हनमध्ये पाव भाजायचे आणि दुपारी पिशव्या घेऊन इमारतीभर वाटत हिंडायचं, हा त्यांचा नेम होता. पैसे घ्यायचे नाहीत, पण पावाला नावं ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाव मिळायचा नाही. त्यामुळे पावाला कुणी नावं ठेवत नसे.

पाववाल्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि अजूनही भाजी घ्यायला गेल्या तर भाजीवाला त्यांचा जुना विद्यार्थी निघायचा. बुरशीकडे त्या वेगळ्याच नजरेने बघत.

"अहो, हत्तीला आज सोंड फुटली बघा," अंथरुणात पडल्या पडल्या त्या म्हणायच्या.

"घर कुजतंय आणि तुला त्यात हत्ती दिसतोय?"

"कुजायचं ते कुजतंच आहे. निदान हत्ती तरी दिसू दे की."

मग त्यांना खोकला यायचा. आधी सकाळचा एखादा, मग दुपारीही, मग बोलता बोलता. पाववाले आल्याचा काढा करून द्यायचे आणि छताकडे बघून दात-ओठ खायचे.

अशात एका रविवारी लेक आली. औषधांच्या कंपनीत नोकरीला होती, तीन तासांवरच्या शहरात राहायची, आणि आईवडलांचं काय चुकतंय हे तिला दारातच कळायचं. त्या दिवशीही दारातच तिने नाक वर केलं. थेट झोपायच्या खोलीत गेली, कपाट उघडलं, आणि आतून बाबांचा चामडी बूट दोन बोटांत धरून बाहेर काढला. बुटावर हिरवी लव उगवली होती.

"बाबा, हे काय आहे?"

"बूट आहे."

"बूट होता! आणि या हवेत आई झोपते? म्हणून खोकतेय ती."

"वकिलाची मोरी," पाववाले म्हणाले.

लेकीने वकील, मोरी वगैरे काही ऐकून घेतलं नाही. तिने निकाल दिला. घरात निकाल देण्याची सवय कुठून आली, ते उघडच आहे. "महिनाभर वाट बघते. तोवर ही खोली कोरडी झाली नाही, तर मी आईला माझ्याकडे घेऊन जाणार. राहायलाच. बाबा, तुम्हीही चला."

"तुझ्याकडे ओव्हन नाही."

"नाहीच आहे. मग आई एकटी येईल."

बाई रुमालात खोकत होत्या.

जाताना लेकीने पिशवीतून चिमुकल्या घड्याळासारखं काहीतरी काढलं आणि बैठकीच्या खोलीत फळीवर ठेवलं. "हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आहे. आकडा साठच्या खाली पाहिजे. वर गेला की बुरशीचं फावतं." पाववाल्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ज्याने हयातभर हवेचा ओलावा नुसत्या तळहाताने ओळखला, त्याने प्लास्टिकच्या डबीला विचारायचं म्हणजे जरा अतीच होतं.

पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. बाई गेल्या तर? घर खायला उठेल, हे एक. दुसरं म्हणजे आपण कुणाशी भांडणार, कुणाला हाक मारून सांगणार की आजचा पाव बघ कसला जमलाय. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. सकाळी उठले ते थेट वकिलांच्या दारात.

त्यानंतर जे झालं त्याला इमारतीत अजून मोरीकांड म्हणतात. पाववाल्यांनी प्लंबर आणला. प्लंबरने वकिलांच्या मोरीत कान लावला, फरशीवर हातोडीने टकटक केली आणि डॉक्टरांसारखा चेहरा करून म्हणाला, "आतून आहे." आतून म्हणजे कुठून, हे काही त्याला सांगता येईना. शेवटी फरशी फोडली. खालचा पाइप ठणठणीत कोरडा निघाला. वकील टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "आता माझ्या अंघोळीचं काय?"

"पाइप आज कोरडा आहे," पाववाले म्हणाले. "तो आज गळत नसेल."

संध्याकाळी बाईंना सगळं साग्रसंगीत सांगून झालं. प्लंबरचा कान, वकिलांचा टॉवेल, सगळ्याची नक्कल झाली. बाई हसून हसून बेजार झाल्या, मग खोकून बेजार झाल्या.

आता पाववाल्यांनी दुसरा मोर्चा उघडला. रंगाच्या दुकानातून बुरशीविरोधी रंग आणला. दुकानदाराने डब्यावरचं चित्र दाखवून शपथा घेतल्या. भिंत साबणाच्या पाण्याने घासून पुसली, दोन हात रंग मारला. भिंत दुधासारखी पांढरी झाली. पाववाले कमरेवर हात ठेवून बघत राहिले. आठवडा सरला आणि पांढऱ्या रंगातून हत्ती पुन्हा हळूच डोकावला. आता त्याच्यासोबत पिल्लूही होतं.

वाचणाऱ्याच्या मनात एव्हाना एक साधा प्रश्न आला असेल, की रोजचं एवढं पीठ घरात फुगत कुठे होतं? विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. पण तो पाववाल्यांना पडला नाही, याचं कारण काखेत कळसा असला की माणूस गावालाच वळसा घालतो.

पिठाला वारा बाधतो, हा पाववाल्यांचा पहिला सिद्धान्त. पीठ उबेत आणि ओलाव्यात वाढतं, हा दुसरा. घरातली सगळ्यात लहान, म्हणून लवकर तापणारी खोली कुठली? झोपायची. तेव्हा रोज पहाटे मळलेल्या पिठाचं मोठं पातेलं ओल्या फडक्याने झाकून त्या खोलीतल्या स्टुलावर जायचं. स्टुलाखाली उकळत्या पाण्याचं भांडं. कोपऱ्यात हिटर. खिडकी घट्ट बंद, तिच्या फटीत टॉवेल कोंबलेला. वरच्या झरोक्यावर मैद्याचं रिकामं पोतं चिकटपट्टीने चिकटवलेलं. बाहेर थंडी, आत वाफ. आणि मग पाववाले भिंतीला हाताची पाठ लावून बघायचे. भिंत घामेजलेली लागली की समाधानाने मान डोलवायचे.

ही बेकरीची सवय होती. बेकरीत पीठ फुगवायची एक वेगळी छोटी खोली असायची, जमिनीपासून छतापर्यंत फरशा लावलेली, रोज धुतली जाणारी. तिथे भिंतीला घाम फुटला की पीठ खूश, हे त्यांना त्यांच्या वडलांनी शिकवलं होतं. फरशीला बुरशी कधी धरली नाही, त्यामुळे घाम म्हणजे लक्ष्मी, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं. सहा वाजता घामेजलेल्या भिंतीला शाबासकी द्यायची आणि नऊ वाजता त्याच भिंतीवरच्या ओलीपायी वकिलांचा उद्धार करायचा, असं रोज चाललं होतं. डाव्या हाताचं उजव्या हाताला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकायची. दुपारी पाव वाटून परत यावं तर ती खोली गार पडलेली असायची. "हिटरही म्हातारा झाला," ते म्हणायचे. बाई शालीत नाक खुपसून चित्र काढत बसलेल्या असायच्या.

महिना संपत आला. एका सकाळी पाव ओव्हनमध्ये गेले होते आणि बाईंना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना भिंतीचा आधार घेऊन उभं राहावं लागलं. पाववाल्यांनी पाणी दिलं, पाठ चोळली. मग हताश होऊन बैठकीच्या खोलीत आले, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या डबीकडे बघितलं. आकडा होता अठ्ठावन्न.

"अगं!" ते ओरडले. "साठच्या खाली! लेकीला फोन लाव!"

"ते यंत्र इथे आहे," आतून बाई म्हणाल्या. "मी झोपते ती खोली ही."

म्हणून ते डबी घेऊन आत गेले. स्टुलावर दुसऱ्या घाण्याचं पीठ फुगत होतं, खाली पाणी वाफाळत होतं. डबी हातात धरून ते आकडा चढताना बघत राहिले. साठ गेला, सत्तर गेला, आणि ऐंशीवर येऊन आकडा थांबला.

"ऐंशी!" पाववाल्यांचा चेहरा उजळला. "वा! बरोब्बर ऐंशी. पिठाला असंच लागतं. बेकरीत मी हयातभर ऐंशीच..."

वाक्य तिथेच राहिलं. ओव्हनमध्ये पाव करपल्याचा वास यायला लागला तरी ते हलले नाहीत.

मनाने मात्र अजून हार मानली नव्हती. योगायोग असेल. पाववाल्यांनी ठरवलं, एकदा बघायचंच. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठलेच नाहीत. बाईंनी विचारलं तर म्हणाले, यीस्ट संपलंय. कपाटात यीस्टचे तीन डबे होते. खिडकीतला टॉवेल काढला, झरोक्यावरचं पोतं ओरबाडून काढलं. संध्याकाळपर्यंत आकडा पासष्टवर आला. त्याच्या पुढच्या दिवशी पंचावन्न. भिंतीला हात लावला तर ती कोरडी होती, आणि हयातीत पहिल्यांदा कोरडी भिंत बघून पाववाल्यांना बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. रात्री बाई एकदाच खोकल्या. पाववाले कूस बदलून जागेच पडले. आपल्याच हाताने आपण हिला आजारी पाडलं, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. बोलावं असं काही सुचेना.

शनिवारी ते वर गेले. वकिलांनी दार उघडलं. मागे मोरीत नव्या फरशा चकाकत होत्या.

"मोरी तुमची नव्हती," पाववाले म्हणाले. "म्हणजे मोरी तुमचीच, पण पाणी माझं."

"हा कबुलीजबाब समजू का?"

"समजा."

वकिलांनी गंभीर चेहरा केला. "मग शिक्षा सांगतो. पाव चालू करा. कधीपासून बाजारचा पाव खातोय, तो पाव आहे की गादीतला स्पंज, अजून ठरत नाही."

"पाव आता कुणालाच नाही," पाववाले म्हणाले. "पीठ बंद केलं मी." वकिलांना काही विचारायची संधी न देता ते जिना उतरून आले. खाली येऊन पिठाची पातेली घासली, पुसली आणि माळ्यावर टाकली. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

रविवारी लेक आली, आणि सोबत रिकामी बॅगही आणली होती. पण दारात तिने नाक वर केलं आणि तशीच थबकली. आत गेली, भिंतीवरून हात फिरवला, डबी बघितली.

"बावन्न! बाबा, काय केलंत?"

पाववाल्यांनी सांगितलं. घसा खाकरून, उभं राहून, शाळेतल्या पोराने चूक कबूल करावी तसं. पीठ, पाण्याचं भांडं, झरोक्यावरचं पोतं, सगळं. "वकिलाचा काही दोष नव्हता. तुझ्या आईचा खोकला माझा आहे. आता पीठ बंद. तू तिला नेऊ नकोस."

लेक मटकन खुर्चीत बसली. आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "चला, म्हणजे सुटलं. पीठ बंद तर प्रश्नच मिटला. आई, मग तू इथेच राहा."

"ती बॅग इकडे दे," बाई म्हणाल्या.

"आता कशाला बॅग?"

"यांनी पीठ बंद केलं असेल तर मी तुझ्याकडे येते."

पाववाल्यांना आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. "अगं, तुझ्यासाठीच तर बंद केलं."

"मी सांगितलं होतं बंद करायला?" बाईंचा आवाज चढला. वर्गातला आवाज होता तो. "बेकरी विकली तेव्हा हे चार महिने बोलले नव्हते. तुला नाही माहीत ते. तुझा फोन आला की 'मजेत' म्हणायचे आणि ठेवायचे. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीहून वेगळा ओळखू यायचा नाही. मी एकटीच बोलायचे, भिंतीशी बोलावं तसं. मग एका सकाळी यांनी पीठ मळलं. पीठ फुगेपर्यंत करायचं काय, म्हणून माझ्याजवळ येऊन बसले आणि बोलायला लागले. तेव्हापासून रोज बोलतात. आता गेल्या गुरुवारपासून घरात पीठ नाही, आणि गुरुवारपासून घरात आवाजही नाही. खोकल्याला औषध मिळतं गं. याला कुठे मिळतं?"

पाववाल्यांनी कसंबसं विचारलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मी चित्रकलेची बाई आहे. ओला रंग का वाळत नाही, एवढं मला पहिल्या आठवड्यात कळलं. तुम्ही पाव वाटायला गेलात की मी खिडकी उघडून ठेवायचे आणि जिन्यात पावलं वाजली की लावून घ्यायचे."

"आणि वकिलाची मोरी फोडली तेव्हा का नाही बोललीस?"

बाई जरा ओशाळल्या. "वकिलांचं वाईट वाटलं मला. पण त्या दिवशी तुम्ही संध्याकाळभर बोलत होतात."

पाववाले स्टूल घेऊन माळ्यावरचं पातेलं काढायला गेले. गुडघे कुरकुरले. लेकीने स्टूल धरलं. खाली उतरेपर्यंत बाप-लेकीपैकी कुणीच एकमेकांकडे बघितलं नाही.

मग मात्र लेकीने अटी घातल्या, आणि त्या कुणी नाकारल्या नाहीत. पीठ झोपायच्या खोलीत जाणार नाही. उकळत्या पाण्याचं भांडं बाद. खिडकी रोज उघडायची, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढायचं, आणि आई उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाणार. तिने कपाट ढकलायला हात लावला, मागची भिंत पुसून कोरडी केली, बाबांचे बूट उन्हात ठेवले. दुपारच्या गाडीने ती परत गेली, आणली तशीच रिकामी बॅग घेऊन.

ती गेल्यावर पाववाल्यांनी पीठ मळलं आणि बैठकीच्या खोलीत, उघड्या खिडकीपासून जरा लांब ठेवलं. थंड हवा आत येत होती. त्यांनी फडकं उचलून बघितलं. पीठ होतं तसंच, ढिम्म.

"या गारठ्यात हे उद्या सकाळपर्यंत फुगत नाही," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. बसायचं वाट बघत."

बाईंनी शाल घट्ट गुंडाळली आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "बसू की. मला कुठे जायचंय."

पाववाल्यांनी पातेलं पुन्हा फडक्याने झाकलं. मग बेकरीची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली त्या दिवसाबद्दल बोलायला लागले. ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाई मध्ये एकदा खोकल्या, तेव्हा ते थांबले. बाईंनी हाताने खूण केली, पुढे सांगा. पीठ काही केल्या फुगत नव्हतं, आणि दोघांनाही त्याची घाई नव्हती.